होल्स्टरसाठी कायडेक्स शीट आणि कोल्हापुरी चामडं: सोलापूरच्या उन्हात कितपत टिकतं?

आतल्या बाजूला चामडं आणि बाहेर साच्यात बसवलेलं प्लास्टिकचं कवच, असं मिश्र होल्स्टर (पिस्तूल अंगावर बाळगायची खोळ) घरी करायचं असेल तर 2 मिमीची कायडेक्स शीट घ्या; कायडेक्स म्हणजे तापवून आकार देता येणारं कडक प्लास्टिक. 1.5 मिमीची स्वस्त पडते, पण पट्ट्याच्या ताणाने तोंडाशी वाकते. 30 × 30 सेंमीच्या तुकड्यात 15 × 20 ची दोन कवचं निघतात. म्हणजे पहिलं बिघडलं तरी दुसरं हाताशी असतं, आणि पहिलं बहुधा बिघडतंच.

पाट्या बनवणाऱ्यांकडे मिळणारं अ‍ॅक्रिलिक यासाठी वापरू नका, भोक पाडतानाच तडकतं. पीव्हीसी पाइप चिरून सपाट करणारेही आहेत, पण तो उष्णतेने मऊ पडतो. कायडेक्सही सुमारे 75 अंशांपुढे आकार सोडू लागतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर होल्स्टर ठेवू नये ते यामुळेच.

शीट 160 अंशांना ओव्हनमध्ये ठेवायची. त्या ओव्हनमध्ये पुन्हा जेवण करायचं नाही. भिजलेल्या चादरीसारखी लोळू लागली की लगेच साच्यावर टाकायची. 200 च्या पुढे गेली तर पृष्ठभागाची खरखर जाऊन चकाकी येते आणि नाकाला झोंबणारा आम्लाचा धूर सुटतो. खिडक्या उघड्या हव्यातच. हीट गनने शीट एका कोपऱ्यात जळते, दुसऱ्यात कच्ची राहते. 18 मिमी प्लायच्या दोन फळ्या, मध्ये जाड फोम आणि चार क्लॅम्प एवढ्यात शीट साच्यावर दाबायचा प्रेस होतो. निदान दहा मिनिटं हलवू नका. उन्हाळ्यात खोलीच तापलेली असते, तेव्हा आणखी थांबा.

साच्याला डमी, म्हणजे पिस्तुलाची नकली प्रतिकृती, सर्वात उत्तम. खरं पिस्तूल वापरायचंच तर मॅगझिन काढलेलं, चेंबर (गोळी बसते ती जागा) बोटाने तपासलेलं आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत. इजेक्शन पोर्ट (रिकामं काडतूस बाहेर पडायची खाच) टेपने बुजवा, पुढच्या साइटवर, म्हणजे नेम धरायच्या उंचवट्यावर, 6 मिमीची काडी चिकटवा. नाहीतर प्लास्टिक तिथे आत शिरतं आणि पिस्तूल निघताना अडतं. ‘निर्भीक’ या भारतीय बनावटीच्या रिव्हॉल्व्हरसारख्या शस्त्राला जास्त काळजी लागते. सिलिंडर फुगीर असतं. त्यामागच्या खोलगटात प्लास्टिक बसलं की सिलिंडर मागे सरकतच नाही, म्हणून ती जागा मातीने भरून घ्या. कवचाची पकड फक्त ट्रिगर गार्डवर, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीवर, ठेवायची.

आता चामडं. कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, 3 ते 3.5 मिमी जाडीचं घ्या. बाजारात क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, चामडं जास्त दिसतं. ते लुसलुशीत राहतं, आकार धरत नाही, आणि त्यातले क्षार घामासोबत पोलादाला गंज चढवू शकतात. ओळखायचं कसं? कापलेली कड पाहा: आतपर्यंत तपकिरी असेल तर ठीक, मध्ये निळसर-करडी असेल तर परत करा. तेल पाजलेलंही नको, ओलं करून दाबलं तरी ते आकार सोडतं.

या जोडीचा खरा दोष चामड्याच्या वरच्या कडेत आहे. घामाने ती मऊ पडते, आत दुमडते, आणि पिस्तूल परत ठेवताना ट्रिगर गार्डमध्ये शिरू शकते. गोळी सुटण्याचा धोका इथेच. त्यामुळे चामडं कवचाच्या तोंडापेक्षा वर जाऊ देऊ नका. तिथे कायडेक्सची पट्टी शिवून घेतली तर उत्तम. शिलाई मेणाच्या दोऱ्याने, टाका 4–5 मिमी. कवच चामड्याला जोडायला स्क्रूच बरे. मध्ये रबरी वॉशर ठेवले की पकड कमी-जास्त करता येते. थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा गोंद) लावला नाही तर स्क्रू ढिले होतात.

तयार झालं की रिकामं पिस्तूल घालून होल्स्टर उलटं धरून हलवा. पडता कामा नये. ट्रिगरला बाहेरून बोट लागता कामा नये, आणि कवच दोन्ही बाजूंनी दाबलं तरी ट्रिगर हलता कामा नये.

शीटला पाचपैकी साडेचार, चामड्याला तीन. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच खोळीत आणि पूर्ण झाकलेलीच न्यावी लागते. सोलापुरात ती अंगातल्या सदऱ्याखाली राहणार, त्यामुळे चामड्याची ही कड दर उन्हाळ्यात तपासा. मऊ लागली तर फक्त चामडं बदला, कवच तेच चालतं.