‘अर्धी फी परत येईल’ म्हणत एजंटाने घेतलेले ८५,००० रुपये

इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी एजंटाला दिलेले ८५,००० रुपये गेले. ६०,००० ‘सीट बुकिंग’चे, २५,००० ‘स्कॉलरशिप फाईल’चे. इंजिनीअरिंगची वर्षाची १,२०,००० फी वेगळीच. बतावणी नेहमीची: कॅप राउंडच्या (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीच्या) भरवशावर राहू नका, मॅनेजमेंट कोट्यातली जागा आत्ताच घ्या, ईबीसीतून (आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या मुलांच्या सवलतीतून) अर्धी फी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरून खात्यात जमा होईल.

ती येणारच नव्हती. ईबीसी म्हणजेच राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतला निम्म्या शिक्षण शुल्काचा लाभ कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांनाच मिळतो. मॅनेजमेंट कोट्यातल्यांना नाही, मग घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत का असेना. मुलींना २०२४-२५ पासून शंभर टक्के सवलत आहे, तिथेही कॅपची अट आहेच. प्रवेशाच्या गडबडीत ही अट पालकांना कुणी सांगत नाही, आणि एजंटाचा धंदा त्यावरच चालतो.

पावती बघूनच थांबायला हवं होतं. तिच्यावर कॉलेजचं नाव नव्हतं. ‘मार्गदर्शन सेवा शुल्क, परत मिळणार नाही’ एवढंच होतं. कॅपची जागा अंतिम तारखेआधी रद्द केली तर १,००० कापून बाकी फी परत मिळते, मग हे कुठलं शुल्क? त्याहून संताप येतो तो यूपीआयचा. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर एका खासगी माणसाचं नाव स्पष्ट दिसत होतं. पण एजंट बसला होता कॉलेजच्या आवारात, कॉलेजचीच माहितीपुस्तिका पुढ्यात ठेवून, आणि ‘दोनच जागा उरल्यात, संध्याकाळपर्यंत जातील’ म्हणत होता. तिथे बसलेला माणूस कॉलेजचा नाही, असं कोणत्या पालकाला वाटेल?

महाडीबीटीचा अर्ज फुकट असतो. विद्यार्थ्याने स्वतः भरायचा, आधारचा ओटीपी कुणाला द्यायचा नाही. ‘फाईल’साठी पैसे मागितले की तिथूनच उठा. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. एजंटाचा आकडा तिच्याशी ताडून पाहा.

आता कॉलेज म्हणतं, तो आमचा माणूस नाही. मग आवारात टेबल कुणी मांडू दिलं? ठाण्यात सांगतात, बाब दिवाणी आहे, कोर्टात जा. सायबरवाले म्हणतात, पिन तुम्हीच टाकलात. एका सरकारी कार्यालयात तर अर्जावर पोच द्यायलाही तयार नाहीत. प्रत्येक जण दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवतो आणि तेवढ्यात खात्यातले पैसे पुढे निघून जातात. संस्थेच्या वतीनेसुद्धा कॅपिटेशन फी (प्रवेशासाठी मंजूर फीच्या वर घेतलेले पैसे) मागायला राज्यात १९८७च्या कायद्याने बंदी आहे, हे तक्रारदारानेच समजावून सांगायचं का?

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पोचक्रमांक लिहून घ्या. एजंटाशी झालेलं चॅट पुसू नका. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा. शहरात पोलीस आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना. सोबत पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि बँकेचं स्टेटमेंट जोडा. पाठवायचं ते नोंदणीकृत स्पीड पोस्टनेच, पोहोचल्याची पोच घेऊन.