पहिलीचा वर्ग मिळालाय? ‘क ख ग घ’ की अक्षरगट

जूनमध्ये पहिल्यांदाच पहिलीचा वर्ग हातात येणाऱ्या शिक्षकाला पंधरा दिवसांतच एक निर्णय घ्यावा लागतो. मुळाक्षरं तक्त्याच्या क्रमाने शिकवायची, म्हणजे आधी अ ते अः, मग क ते ज्ञ आणि शेवटी बाराखडी. की चार-पाच अक्षरं आणि एक स्वरचिन्ह निवडून त्यांचे शब्द लगेच वाचायला लावायचे? दोन्ही वाटांनी मुलं वाचायला शिकतात. मी स्वतः दोन्ही वाटांनी वर्ग नेले आहेत, पाथर्डी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत. पहिली-दुसरी एकत्र, पट वीसच्या आसपास. म्हणजे मोठं काही मोजमाप नाही. जे डोळ्यांसमोर घडलं तेच सांगतो.

आधी तक्त्याच्या क्रमाबद्दल, कारण त्याचे गुण खरेच मोठे आहेत. परिपाठ संपला की एक मूल छडी घेऊन तक्त्यापाशी उभं राहतं आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. वर्गाला ताल मिळतो. नवीन, रडणारं मूलसुद्धा चौथ्या-पाचव्या दिवशी त्या सुरात सामील होतं. तेवढ्या वेळात तुम्ही दुसरीच्या मुलांना वजाबाकी देऊ शकता. दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्याला ती वीस मिनिटं किती मोलाची असतात, हे ज्याने सांभाळलेत त्यालाच कळेल.

दुसरं म्हणजे हा क्रम घरी सगळ्यांना येतो. आजी संध्याकाळी भाकरी थापताथापता नातवाकडून ‘क ख ग घ’ म्हणवून घेते. शाळेत न गेलेल्या आईलाही तो ऐकून माहीत असतो. मूल आठवडाभर आजारी पडलं, तर ‘तो त पर्यंत आला होता’ एवढं म्हटलं की दुसऱ्या शिक्षकाला पुढे जाता येतं.

आणि तो क्रम सुंदर आहे, हे नाकारायचं कारण नाही. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. आवाज घशातून निघून ओठांपर्यंत कसा येतो, याची इतकी नीट मांडणी क्वचितच पाहायला मिळते. पण ती मांडणी उच्चारांची आहे. सहा वर्षांच्या मुलापुढे प्रश्न असतो डोळ्यांचा: हे चिन्ह कोणतं? ट, ठ, ढ हे उच्चाराने शेजारी आहेत आणि दिसायलाही एकमेकांसारखे. एकाच आठवड्यात तिन्ही समोर आले की मूल गोंधळतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

आता त्या क्रमाने वाचायला काय मिळतं ते बघा. स्वर झाले की ‘आई’ मिळते, हे मोठंच आहे. पण त्यानंतर क आणि च हे दोन वर्ग पूर्ण होईपर्यंत, म्हणजे ङ आणि ञ धरून दहा व्यंजनं शिकून, मुलाच्या ओळखीचे शब्द किती होतात? ‘एक’, ‘आज’, ‘आग’, ‘जग’ असे मोजकेच. फार तर ‘गज’, पण तो शब्द आमच्याकडच्या मुलाच्या तोंडी नसतो. ट वर्ग झाला की ‘ढग’, ‘गड’, ‘खडक’ येतात आणि जरा जीवात जीव येतो. काना मात्र सगळी व्यंजनं संपल्यावर. माझ्या वर्गात बाराखडीला हात लागला तो दिवाळीनंतर. तोपर्यंत ‘मामा’ नाही, ‘काका’ नाही, ‘बाबा’ नाही.

तरी मी हे सगळं चालवून घेतलं असतं. मला जी गोष्ट सहन झाली नाही ती वेगळीच होती.

सप्टेंबर संपत आला होता. वर्ग खडखडीत ‘क ते ज्ञ’ म्हणत होता. एका मुलाला फळ्याजवळ बोलावलं आणि एक सुटं अक्षर लिहून विचारलं, ‘हे काय?’ अक्षर होतं म. तो गप्प राहिला. मग तो भिंतीवरच्या तक्त्याकडे गेला, ‘क’वर बोट ठेवलं आणि म्हणायला लागला. क, ख, ग, घ, ङ, च, छ... बोट एकेक घर पुढे. फळ्यावरच्या अक्षरासारखं चित्र आलं तिथे थांबला आणि आनंदाने म्हणाला, ‘म!’

म हे पंचविसावं व्यंजन आहे. म्हणजे एका ‘म’साठी त्याने चोवीस पायऱ्या चढल्या होत्या. पुढचं अक्षर म्हणून ‘न’ दिलं, तर तो पुन्हा ‘क’पाशी गेला आणि पुन्हा वीस घरं चालला. ‘मन’ हा शब्द वाचायला त्याला दोनदा तक्ता चढावा लागला, आणि दुसऱ्यांदा वर पोचेपर्यंत पहिलं अक्षर विसरलं होतं.

तो एकटाच तसा असता तर मी लक्ष दिलं नसतं. दुसऱ्या दिवशी तक्ता उतरवून ठेवला आणि अक्षरांच्या सुट्या चिठ्ठ्या दिल्या. अर्ध्याहून जास्त मुलं मनातल्या मनात, ओठ हलवत, ‘क’पासून सुरुवात करत होती. ज्यांना अक्षर लगेच ओळखता येत होतं त्यांच्यातलीही काही चित्राला धरून होती. म दिसला की ‘मगर’. ‘मन’ लिहून दिलं तर ‘मगरीचा म, नळाचा न’ असं सांगून थांबायची. दोन्ही जोडून शब्द होतो, हे त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. चार महिने आम्ही ज्याला वाचन समजत होतो ते गाणं होतं. गाणं सुरेख होतं, पण वाचन नव्हतं.

तुमच्या वर्गात असं होईलच असं नाही. रोज अक्षरं उलटसुलट विचारणारे, तक्त्यावर बोट फिरवताना क्रम मोडणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्यांची मुलं छान वाचतात. ज्याच्याकडे स्वतंत्र पहिली आहे आणि प्रत्येक मुलापाशी रोज बसायला वेळ आहे, त्याला या क्रमानेही काही अडणार नाही.

पुढच्या वर्षी मी अक्षरगटाने सुरुवात केली. फलटणला प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी जे काम उभं केलं, त्याबद्दल वाचलं होतं; निवडक अक्षरं आणि स्वरचिन्हं बरोबरच देऊन पहिल्या आठवड्यांपासून अर्थाचे शब्द वाचायला लावायचे, ही त्यातली मूळ कल्पना मला पटली होती. कोणत्या गटात कोणती अक्षरं घ्यायची हे मात्र मी माझ्या वर्गाकडे बघून ठरवलं.

पहिला गट: क, म, र, न, ब आणि काना. एवढ्यातच बघा काय काय बसतं. काका, मामा, बाबा, कान, नाक, मान, मका, बकरा, कमान, बाक, बारा. शिवाय पूर्ण वाक्यही होतं: ‘मामा, काम करा.’ जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी ते फळ्यावर लिहिलं. एका मुलीने ते वाचलं, मग पुन्हा मोठ्याने वाचलं, आणि घरी जाऊन ‘मामा’च्या जागी ‘बाबा’ घालून पाटीवर लिहून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेच्या फाटकापाशी येऊन विचारत होते, हे तिला खरंच वाचता येतं का. त्या दिवसापासून त्या घरातून ‘अजून क ख ग घ येत नाही का’ हा प्रश्न आला नाही.

बाकीच्या घरांतून आला, हेही सांगायला हवं. या पद्धतीची ही पहिली अडचण. गणपती आले तरी मुलाला अ आ इ ई सलग म्हणता येत नाही, याने आजी-आजोबा अस्वस्थ होतात. पालकसभेत मुलांकडून वाचून घेतलं की शंका मिटते, पण सभेला न आलेल्यांची राहते.

दुसरी अडचण साहित्याची. बाजारातला तक्ता इथे उपयोगाचा नाही. सगळी अक्षरपत्रं हाताने करावी लागतात. मी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केली. एका हंगामात गावातून पिशवीभर पत्रिका सहज मिळतात. याचा एक फायदा नंतर लक्षात आला. विकतच्या तक्त्यांवर पुष्कळदा हिंदी वळणाचे ल आणि श असतात. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाप्रमाणे मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा काढायचा, आणि वर्णमालेत ॲ, ऑ सुद्धा आहेत, त्यामुळे बाराखडीची चौदाखडी झाली. आपल्या हाताने अक्षरपत्रं केली की हे आपोआप बरोबर राहतं, आणि ऋषी-मुनींआधी ‘बॅट’ आणि ‘बॉल’ही वर्गात येतात.

तिसरी अडचण मला सगळ्यात खरी वाटते. मधेच दुसऱ्या शाळेतून मूल आलं तर त्याला वेगळीच अक्षरं येत असतात, आणि तुम्ही रजेवर गेलात तर जागी आलेल्याला तुमचा गट कुठवर आलाय ते समजत नाही. मी दाराजवळ एक दोरी बांधून शिकवलेली अक्षरं तिच्यावर चिमट्याने लावत गेलो. जो येईल त्याने दोरी बघायची. तेवढ्याने काम भागलं.

दिवसाचं वेळापत्रक फारसं बदलत नाही. परिपाठानंतर दोरीवरची अक्षरं कोणत्याही टोकापासून वाचायची. मग नवा शब्द, आधी तोंडी, मग अक्षरपत्रांनी जोडून. मग चिंचोके मांडून अक्षर काढणं, अंगणातल्या मातीत बोटाने गिरवणं, शेवटी पाटी. खिचडीच्या सुट्टीनंतर गोष्ट, आणि गोष्टीतला एखादा शब्द फळ्यावर. दुसरीच्या मुलांना एकेका लहान मुलाचा जोडीदार केलं; त्यांचंही वाचन सुधारलं. मात्र वीस मिनिटं सगळा वर्ग एका सुरात गुंतलाय, अशी मोकळीक इथे मिळत नाही. संध्याकाळी मी जास्त थकायचो.

गट पाडताना एकच पथ्य पाळा: सारखी दिसणारी अक्षरं लांब ठेवा. ब पहिल्या गटात असेल तर व दुसऱ्यातही नको. घ आणि ध, म आणि भ, यांच्यात निदान महिन्याचं अंतर हवं. दुसऱ्या गटात मी त, ल, स, घ, प आणि दुसरी वेलांटी घेतली, म्हणजे घर, पान, साप, ताक, काकी, मामी मिळाले. दिवाळीपर्यंत पंधरा-सोळा अक्षरं, काना, वेलांटी आणि मात्रा झाल्या. संख्येने बघितलं तर तक्त्याच्या वर्गाच्या निम्मीही नाहीत, हे मान्य. वर्णमालेचा क्रम मी फेब्रुवारीत शिकवला, मुलांना सगळी अक्षरं ओळखता येऊ लागल्यावर. पंधरा दिवसांत पाठ झाला, कारण आता ती ओळखीची माणसं एका ओळीत उभी करण्यासारखं होतं.

2021 मध्ये लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठी निपुण भारत अभियान आल्यापासून तपासणीला येणारेही पाठांतर कमी आणि अनोळखी शब्द जास्त वाचायला देतात, असा माझा तरी अनुभव आहे. पण माझ्या पसंतीचं कारण ते नाही.

आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, कारखान्याचा गळीत हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण सहा वर्षांचं मूल आईला सोडून राहत नाही. वर्गातली चार-पाच मुलं जातातच. तक्त्याच्या वर्षी जी गेली, ती ‘क’ ते ‘ज्ञ’चं गाणं घेऊन गेली, आणि एप्रिलमध्ये परत आली तेव्हा ते मधेच तुटत होतं. त्यांना उसाच्या फडात त्या गाण्याचं करण्यासारखं काही नव्हतं.

अक्षरगटाच्या वर्षी गेलेला एक मुलगा पाडव्यानंतर परत आला. बसला, दोरीकडे बघितलं, आपल्या वेळची अक्षरं ओळखून नवी कोणती ते मोजलं. मग म्हणाला, ‘गुरुजी, आमच्या ट्रॉलीच्या मागं बाबा लिहिलंय.’ ट्रॉलीवर होतं ‘आईबाबांची पुण्याई’. त्यातून त्याने आपली अक्षरं शोधून काढली होती, पाच महिने रोज तीच पाटी बघत. ‘पण दुसऱ्या बा वर टिंब कशाला दिलंय?’

अनुस्वार मी शेवटच्या गटासाठी ठेवला होता. तो दुसऱ्या दिवशीच घेतला.