विज्ञानकथांची सूची: सात महिन्यांचा वापर आणि मीच वगळलेले पुस्तक

‘इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस’ (ISFDB) ही विज्ञानकथांची मोफत ऑनलाइन सूची कशी आहे, हे जुन्या पेपरबॅकांचा माग काढणाऱ्यांना सांगायला नको. लेखक, प्रकाशक, साल, पृष्ठसंख्या, छापील किंमत, मुखपृष्ठाचा चित्रकार अशी सारी माहिती स्वयंसेवकांनी तीत भरलेली असते. पहिल्या महिन्यातच मी तिच्याबद्दल दोन कडक तक्रारी लिहून ठेवल्या होत्या. त्यांतली एक आज मागे घेत आहे, उरलेली कायम आहे.

मला हवे असलेले पुस्तक मी 1986 साली, वयाच्या बाराव्या वर्षी, मामांच्या घरी रद्दीच्या गठ्ठ्यात वाचले होते. मुखपृष्ठ नव्हते आणि शेवटची बरीच पानेही गेलेली होती. इंग्रजी नावे मी त्या वयात नुसती नजरेखालून घालून पुढे जात असे, त्यामुळे एकही नाव लक्षात राहिले नाही. आठवत होता तो सदैव धुक्यात बुडालेला दलदलीचा ग्रह, तिथली खाण, मोलकरणीचे सोंग घेतलेली राजकन्या, तिची आणि नायकाची चिखलात झालेली झटापट, कोठडीत त्यांच्याबरोबर असलेले दोन केसाळ, धिप्पाड प्राणी, जमिनीखालच्या तळ्यातून भल्यामोठ्या पानावर बसून केलेला प्रवास आणि एका स्फटिकाचा शोध. सोबत दोन यंत्रमानवही होते. नायकाचे मन राजकन्येवर जडलेले होते हे तर पक्के आठवत होते, कारण तेवढाच भाग मी दोनदा वाचला होता.

पहिली तक्रार अशी की या सूचीत कथानकावरून शोध घेताच येत नाही. सारांशासाठी जागा आहे, पण मी उघडलेल्या बहुतेक नोंदींत ती रिकामी होती. धुके, दलदल, खाण, स्फटिक हे शब्द मी शीर्षकांत शोधत राहिलो आणि त्यात दोन महिने गेले. ज्याला पुस्तकाचे नावच आठवत नाही, त्याने शीर्षकावरून काय शोधायचे?

दुसरी तक्रार तारखेच्या रकान्याची. साल, महिना आणि दिवसाच्या जागी 00. मी हिशेब तपासनीस आहे. तारखेच्या जागी 00 लिहिलेले व्हाउचर माझ्या टेबलावर आले असते, तर मी ते त्याच दिवशी परत पाठवले असते. या दोन शून्यांनी माझे डोके इतके उठवले की काही आठवडे मी पुस्तकाऐवजी त्यांच्याच मागे होतो. शेवटी सूचीचे नियम वाचले. माहीत नसलेला दिवस अंदाजाने भरायचा नाही, तिथे शून्ये ठेवायची, असा तो दंडक आहे. आमच्या व्यवसायात एवढा प्रामाणिकपणा क्वचित दिसतो, म्हणून ही तक्रार मागे घेतो.

यंत्रमानवांमुळे पहिला संशय अर्थातच ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेवर गेला होता, पण तो मी दहा मिनिटांत निकालात काढला. त्यातला नायक ल्यूक आणि राजकन्या लेया भाऊबहीण आहेत, तेव्हा प्रेमाचा प्रश्नच नाही. शिवाय त्या चित्रपटांतला ल्यूकचा जोडीदार हान सोलो माझ्या पुस्तकात कुठेच नव्हता. मग मी ‘स्टार ट्रेक’कडे वळलो आणि त्या मालिकेच्या अ‍ॅनिमेशन भागांवरून दहा पुस्तके लिहिणाऱ्या अ‍ॅलन डीन फॉस्टर यांचे पान दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिले. मला हवे असलेले पुस्तक त्याच पानावर होते. ‘स्टार वॉर्स’ हा शब्द दिसला की मी पुढे सरकत होतो.

दिवाळीत घरी आलेल्या भाच्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: ते भाऊबहीण आहेत हे केव्हा ठरले, मामा? हे नाते पडद्यावर उघड झाले 1983 साली. मी त्याच रात्री सूचीतील ‘स्टार वॉर्स’च्या नोंदी सालाप्रमाणे लावल्या आणि त्याआधीच्या तेवढ्या तपासल्या. ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’, 1978. पहिल्या चित्रपटाची कादंबरीही फॉस्टर यांनीच लिहिली होती, पण ती चित्रपटाचे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्या नावाने छापली गेली. हे दुसरे पुस्तक, चित्रपट फारसा चालला नाही तर कमी खर्चात त्याचा पुढचा भाग काढता यावा, या बेताने लिहिलेले होते. धुके असले की देखावे उभारण्याचा खर्च वाचतो. हान सोलोची भूमिका करणारे हॅरिसन फोर्ड यांच्याशी तोवर पुढच्या चित्रपटाचा करार झालेला नव्हता, म्हणून तोही नाही. चित्रपट तुफान चालला आणि तो स्वस्त बेत बारगळला. काटकसरीतून निघालेले हे कथानक मला तर मालिकेतल्या खर्चिक भागांपेक्षा अधिक आवडते. त्यात माझा स्वभाव आडवा येत असेल, हे मान्य आहे.

ज्या दोन कारणांनी मी हे पुस्तक वगळले, तीच त्याची खरी ओळख होती. चित्रपटावर बेतलेल्या कादंबरीच्या लेखकाला त्या दिवसापर्यंत पडद्यावर आलेले तेवढेच ठाऊक असते, आणि वाचक मात्र पुढचे सगळे पाहून बसलेला असतो. म्हणून असे पुस्तक शोधताना कथानकाआधी साल पाहावे. अर्थात कथानकाविषयीची माझी तक्रार त्यामुळे रद्द होत नाही. या नोंदीसाठी मी चार ओळींचा सारांश लिहून पाठवला आहे. तिथले संपादक तपासतील तेव्हा तपासतील.

प्रत मिळवणे हे वेगळेच प्रकरण झाले. जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याने छायाचित्र दाखवले चित्रकार राल्फ मॅक्वॉरी यांच्या मुखपृष्ठाच्या 1978च्या प्रतीचे, पाठवले मात्र बरेच नंतरचे पुनर्मुद्रण. सूचीतील किंमत, पृष्ठसंख्या आणि मुखपृष्ठ यांच्या नोंदी पुढे ठेवून मी तीन पत्रे लिहिली, तेव्हा किमतीतील 180 रुपयांचा फरक परत करण्याचे त्याने कबूल केले. पुस्तक मी ठेवून घेतले, कारण चिखलातली झटापट याही प्रतीत आहे आणि शेवटची पाने शाबूत आहेत. 180 रुपये अजून आलेले नाहीत.