कापडाची जिवाणूरोधक चाचणी करून देणारी सेवा : आमचा अनुभव
चांदीचे लेपन केलेल्या आमच्या सुती कापडाचे नमुने आम्ही या प्रयोगशाळेकडे आयएसओ २०७४३ (कापडाची जिवाणूरोधक क्षमता मोजण्याची आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत) नुसार चाचणीसाठी दिले होते. साध्या आणि लेपन केलेल्या तुकड्यांवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू सोडून, ते ३७ अंश सेल्सिअसला ठेवल्यानंतर उरलेल्या जिवाणूंच्या वसाहती (डिशमध्ये ठिपक्यांसारखे दिसणारे पुंजके) त्यांनी आमच्यासमोर मोजल्या; साध्या कापडाची पेट्री डिश ठिपक्यांनी गच्च भरली होती, तर दुसरीत जेमतेम चार ठिपके होते. अहवाल नेटका आहे. मात्र आम्ही आग्रह धरेपर्यंत धुलाईनंतरची चाचणी कोणी सुचवलीच नाही, ही मला गंभीर उणीव वाटते, कारण चांदी धुण्यात थोडीथोडी निघून जाते आणि कोऱ्या कापडावर ९९.९ टक्के जिवाणू कमी झाल्याचे आकडे वापरणाऱ्याच्या फारसे कामाचे नसतात. २० धुलायांनंतर आमचा आकडा बराच घसरला, म्हणूनच आम्ही बाइंडर (चांदी कापडाला धरून ठेवणारा पदार्थ) बदलला.