एडी ८२३२ ईसीजी मॉड्यूल: काही महिन्यांच्या वापरानंतर

हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर मोजायला घेतलेलं हे छोटं ईसीजी सर्किट बोर्ड बरेच महिने वापरतोय. ठोक्याची नेमकी वेळ हवी असेल तर खुशाल घ्या. आलेखाचा आकार बघून निदान करायचं असेल तर हे त्यासाठी नाही.

कारण बोर्डावरच्या सर्किटातच आहे. त्वचेवरचा सिग्नल जेमतेम १ मिलिव्होल्ट. नेहमीच्या बोर्डावर तो सुमारे ११०० पट वाढतो आणि साधारण ०.५ ते ४० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो. निदानाच्या ईसीजीला ०.०५ ते १५० हर्ट्झ लागतात. खालच्या वारंवारता कापल्या की एसटी भाग (ठोक्याच्या टोकदार शिखरानंतरचा सपाट तुकडा) विनाकारण वर-खाली झालेला दिसू शकतो, आणि डॉक्टर नेमकं तेच बघतात. या आलेखावरून कुणाला घाबरवू नका, निर्धास्तही करू नका.

आर शिखरं, म्हणजे प्रत्येक ठोक्याचं उंच टोकदार शिखर, मात्र सुरेख मिळतात. ती शोधायला मी १९८५ ची पॅन-टॉम्पकिन्स पद्धत वापरतो: ५ ते १५ हर्ट्झचा फिल्टर, उतार, वर्ग, मग सुमारे १५० मिलिसेकंदांच्या खिडकीत बेरीज. टी लहर (त्या शिखरानंतर येणारी गोलसर लहर) उंच असली की एकाच ठोक्याचे दोन मोजले जातात. त्यावरचा उपाय त्या पद्धतीतच आहे: आधीच्या शिखरानंतर ३६० मिलिसेकंदांच्या आत काही सापडलं, तर त्याचा उतार तपासायचा, आधीच्याच्या निम्म्याहून कमी भरला तर ती टी लहर. इतका साधा नियम इतकं काम करतो याचं मला अजून कौतुक वाटतं.

सॅम्पलिंग, म्हणजे सिग्नलची ठरावीक अंतराने नोंद, टायमर इंटरप्टवरच (चिपच्या घड्याळाने ठरल्या वेळी दिलेल्या इशाऱ्यावर) करा. लूपमध्ये डिले टाकून घेतलेले सॅम्पल समान अंतरावर पडत नाहीत, आणि हार्ट रेट व्हेरिएबिलिटीत (ठोक्यांमधल्या अंतरातल्या चढउतारात) तोच फरक शरीराचा म्हणून मिरवतो. सेकंदाला २५० सॅम्पल म्हणजे ४ मिलिसेकंदांची पायरी. माझ्या कामाला पुरते.

सोबत आलेले जेल पॅड (त्वचेवर चिकटवायचे इलेक्ट्रोड) लवकर सुकले, केबलचा जॅकही सैल निघाला. पॅड ताजे घ्या, त्वचा अल्कोहोलने पुसून कोरडी होऊ द्या. मनगटांपेक्षा कॉलरबोनखाली लावलेले बरे, हातांच्या स्नायूंची थरथर कमी येते. पॅड सुटला की बोर्डावरच्या एलओ (लीड्स-ऑफ) पिना लगेच सांगतात. तेवढा भाग सरळ टाकून द्यायचा. लांब रेकॉर्डिंगमध्ये ही सोय फार मोलाची.

लॅपटॉप चार्जरवर असताना इलेक्ट्रोड अंगाला लावू नका. बॅटरीवर चालवलं की विजेच्या लाइनची गुणगुणही कमी होते, पण खरं कारण सुरक्षिततेचं आहे: या बोर्डावर विद्युत विलगीकरण, म्हणजे विजेच्या लाइनपासून शरीराला वेगळं ठेवणारी सोय, नाही.