कुड्या काढून घालायचा हेडफोन: सेनहायझर एचडी २५

आधीच सांगते, हा काही अनबॉक्सिंगवाला रिव्ह्यू नाही, खोका कधीचाच माळ्यावर गेला. दीड वर्ष झालं, दिवसाचे चार-पाच तास हा माझ्या डोक्यावर असतो. काम ऑडिओबुक एडिट करायचं, म्हणजे दुसऱ्याने वाचलेलं ऐकायचं, श्वास कापायचे, तोंडातली चटचट काढायची, आणि अधूनमधून रेकॉर्डर घेऊन कुठे बैठकीला वगैरे जायचं.

हा घेतला कारण आधीच्याची वायर तुटली. तो मोठा होता, कान पूर्ण झाकणारा, मऊ, घालून झोप लागेल इतका मऊ, पण वायर आत सोल्डर केलेली. खुर्चीचं चाक वायरवरून गेलं (चूक माझीच) आणि डावा कान गेला. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास एकाकडे दिला, त्याने संध्याकाळपर्यंत जोडून दिला, दोन्ही बाजू वाजतायत बघून मी खूश होऊन घरी. पुढचे तीन दिवस मला वाटत होतं वाचणाऱ्या काकांचा माइक बिघडलाय. आवाज पोकळ, छातीतला खर्ज गायबच, आणि डोक्याच्या मधोमध बसायचा तो कुठेतरी कानांमागे पसरलेला. बिचाऱ्यांना दोन चॅप्टर परत वाचायला लावले मी. मग एकदा सहज एकेक कान वेगळा लावून ऐकला तर दोन्ही ठणठणीत! एकत्र लावले की पोकळ. म्हणजे त्याने एका बाजूच्या दोन तारा उलट जोडल्या होत्या, एका कानातला स्पीकरचा पडदा पुढे यायचा तेव्हा दुसऱ्यातला मागे जायचा. काकांची माफी मागितली, चहा पाजला, आणि ठरवलं की आता असा हेडफोन घ्यायचा ज्याला सोल्डरिंग लागणारच नाही.

तर एचडी २५. मॉडेल १९८८ चं आहे, गंमत नाही, आणि अजून मिळतं. डीजे लोकांच्या गळ्यात आणि शूटिंगवर साउंडवाल्यांच्या डोक्यावर जो छोटासा काळा हेडफोन दिसतो ना, तोच बऱ्याचदा. दिसायला म्हणाल तर पाच आकडी बिलाचा अजिबात वाटत नाही. वजन वायर सोडून १४० ग्रॅम, सगळं प्लास्टिक. आईने हातात घेऊन "एवढ्याशाचे एवढे?" विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर नंतर मिळालं, कारण खुर्ची तीच आहे आणि मीही तीच आहे. सात-आठ महिन्यांनी परत चाक वायरवरून. यावेळी नवी वायर मागवली, जुनी दोन्ही कपांतून ओढून काढली, नवी खोचली, काम खलास, चहा गार व्हायच्या आत. प्रत्येक टोकाला दोन पिना असतात, एक जाड एक बारीक, त्यामुळे उलटी लावायची म्हटली तरी लागत नाही. हे बघून मला तपकीर गल्लीनंतरचे ते तीन दिवस आठवले आणि खरंच हसू आलं. गाद्या हाताने निघतात, कप पट्टीच्या दांडीवरून सरकवून काढता येतो, वरची पट्टी वेगळी मिळते. जे मोडेल तेवढंच घ्यायचं, बाकीचं तसंच.

हल्ली "मॉड्युलर" म्हणून जे विकतात त्यात डेन्मार्कच्या एआयएआयएआय कंपनीचा टीएमए-२ आहे, २०१५ साली आला, त्यात स्पीकर, पट्टी, गाद्या, वायर सगळं आपण निवडून जुळवायचं, थाळीत भाज्या निवडतो तसं. एका मित्राकडे थोडा वेळ ऐकलाय, तेवढ्यावर मत देणार नाही. पण फरक असा की तिकडे सुटे भाग म्हणजे आवडीप्रमाणे जोडायची सोय आणि इकडे मोडलं तर बदलायची. मला दुसरीची गरज जास्त, कारण वर सांगितली.

आता आवाज. मी गाणी लावून टेस्ट करत नाही, माझी टेस्ट मराठी आहे. आपला जो दातावरचा च, ज आणि झ आहे ना, चोर, जोर, झोप यातला, त्यात एक बारीक स सारखी फुसफुस असते. चार, चहा यातल्या च मध्ये ती तशी नसते. वाचणारा माइकच्या फार जवळ बसला की हा फरक पुसला जातो किंवा नुसती शिट्टी ऐकू येते. एचडी २५ वर हे अगदी समोर ठेवल्यासारखं कळतं. तोंड कोरडं पडलेलं कळतं, पान उलटलेलं कळतं, मागे कुणीतरी पंखा बंद करायला विसरलंय ते पण कळतं. वरच्या सुरांत आवाज थोडा धारदार आहे, त्यामुळे मी सुरुवातीला सगळ्यांचे स जरा जास्तच दाबत होते आणि गाडीच्या स्पीकरवर ऐकलं तर सगळे बोबडे! आता हात आखडता घेते.

मिरजेला तंबोरा रेकॉर्ड केला तेव्हा मात्र याने जीव वाचवला. तिथे तंबोरे-सतारी बनवणारी घराणी आहेत, एका कारागिरांकडे बसलो होतो, ते जवारी लावत होते. म्हणजे घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत ती झणझण उघडायची. धागा केसभर सरकला की आवाज बंद, परत केसभर मागे आला की एकदम उघडतो. शेजारच्या खोलीत कुणीतरी लाकूड तासत होतं, रस्त्यावर टमटम, तरी ती उघडायची वेळ मला हेडफोनमध्ये नेमकी कळली, कारण हा बंद कपांचा आहे आणि बाहेरचं चांगलंच अडवतो. इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) ७० ओहम, आणि थोड्या ताकदीतही मोठा वाजणारा आहे, त्यामुळे छोट्या रेकॉर्डरवर किंवा मोबाइलवर पण पुरेसा मोठा वाजतो, वेगळा अ‍ॅम्प लागत नाही.

पण तबल्यावर भरवसा ठेवू नका. डग्ग्याचा घुमारा आहे त्यापेक्षा भरदार वाटतो, आपण खूश होऊन तो कमी करतो आणि मग बाकीच्या ठिकाणी तबला टिकटिक वाजतो. आणि जागा. तंबोरा कुठे, गवई कुठे, पेटी कुठे, सगळे एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसल्यासारखे. रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा परिणाम) किती टाकायचा ते यावर ठरवायचं नाही, मी ते स्पीकरवर ठरवते. एडिटिंग आणि रेकॉर्डिंगला हा, मिक्सिंगला नुसता हा नको.

बरं, आता कानांचं. हा कान झाकत नाही, कानावर बसतो, आणि बसतो म्हणजे चांगला चिमटा घेऊन बसतो. आई म्हणते कपडे वाळत घालायचा चिमटा कानाला लावलायस का. पहिल्या आठवड्यात तासाभरात कानाच्या पाळ्या लाल. चष्म्याची दांडी कान आणि डोक्याच्या मध्ये दाबली जाते ते वेगळंच, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुड्या. मागची फिरकी बरोब्बर मानेत टोचते. हे कुठल्याही रिव्ह्यूत सापडलं नाही, सगळे रिव्ह्यू लिहिणारे बहुतेक पुरुषच असावेत.

मग मी दाब कमी करायच्या मागे लागले. रात्रभर दोन जाड शब्दकोशांवर चढवून ठेवला, थोडा सैल झाला. वरची पट्टी मधून दुभंगते, ती फाकवली की डोक्यावरचा भार बरा वाटतो, पण कानावरचा तेवढाच. मग ऑनलाइन कुणाकडून तरी स्वस्तातल्या जाड मऊ गाद्या मागवल्या, ओरिजिनल म्हणून आल्या, ओरिजिनल कसल्या, कडेला फट दिसत होती. घातल्या आणि काय सुख! आणि खर्ज गेला. सगळे निवेदक एका रात्रीत सर्दी झाल्यासारखे. तेव्हा ट्यूब पेटली. विश्वास नसेल तर कुठलाही बंद हेडफोन घालून गाणं लावा आणि गादीची कड बोटाने जराशी उचला, खालचे सूर लगेच पळतात. हवा कोंडलेली राहिली तरच छोटा पडदा खर्ज देऊ शकतो, आणि कानावर बसणाऱ्या एवढ्याशा कपात हवा कोंडायची तर दाबायलाच पाहिजे. म्हणजे जो दाब मला दुखत होता त्यामुळेच रस्त्यावरची टमटम अडत होती आणि खर्ज पण त्यामुळेच येत होता. एक काढून दुसरं ठेवता येत नाही. वायर बदलते, गाद्या बदलतात, पट्टी बदलते, हे नाही बदलत.

आता माझ्याकडे दोन जोड आहेत. रेकॉर्डिंगला चामड्यासारख्या दिसणाऱ्या मूळच्या गाद्या. घरी लांबलचक एडिटिंगला मखमली, त्यांच्यात खर्ज जरासा कमी लागतो पण मे महिन्यात पंखा बंद करून बसलं तरी कान चिकट होत नाहीत. पाऊण तास झाला की काढते, पाच मिनिटं गॅलरीत. एक कप मागे वळवता येतो, ते डीजेंसाठी असेल, मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला वापरते.

चष्मेवाल्यांनी आणि दिवसभर नुसतं ऐकणाऱ्यांनी आधी कुणाचा तरी तासभर घालून बघा, दुकानातल्या दोन मिनिटांत काही कळत नाही. बाहेर रेकॉर्डिंग करत असाल तर मी डोळे मिटून घ्या म्हणेन.

कुड्या आता लॅपटॉपशेजारी एका वाटीत असतात. परवा वाटी उपडी झाली आणि एक फिरकी गेली खुर्चीच्या त्याच चाकाखाली. सोनाराकडे गेले तर म्हणाला, ताई, कुडी कशाला बदलताय, नुसती फिरकी मिळते की.