सोलेनॉइड लॉक, आठ महिन्यांनंतर: बारीक वायरवर मी उगाच चिडलो होतो

पाचव्या महिन्यात दाराच्या या विजेवरच्या लॉकची कॉइल जळाली. कॉइल म्हणजे तांब्याच्या वायरचं गुंडाळं, करंट गेला की ते चुंबक बनून लॉकचा दांडा ओढतं. बटण आत अडकून बसलं होतं आणि लॉकला रात्रभर सप्लाय मिळत राहिला. सकाळी खोलीभर वायरवरचं वार्निश (इन्सुलेशन) जळाल्याचा वास. विक्रेता म्हणाला, जळालेली कॉइल वॉरंटीत येत नाही. अख्खं लॉक नवं घेणं जिवावर आलं, म्हणून कॉइल उकलली. आतून निघाली केसासारखी वायर, ३६ गेज, जेमतेम ०.१९ मिमी. डोकंच फिरलं. तांबं वाचवलं मेल्यांनी, असं म्हणत तेव्हाच रिव्ह्यूत पाचपैकी एक तारा देऊन मोकळा झालो.

त्याच बॉबिनवर, म्हणजे वायर गुंडाळायच्या रिळावर, हट्टाने ३२ गेज भरली, ०.२७ मिमी. बॅटरीवर लावली तर प्लंजर, म्हणजे लॉकचा तो दांडा, खाडकन आत! पण लॉकबरोबरचा १ अँपिअरचा ॲडॉप्टर जोडला की तो नुसता चालू-बंद, चालू-बंद. मोठा ॲडॉप्टर लावला, तर वीस सेकंदांत कॉइलला बोट लावेना.

मग पुन्हा ३६ गेज आणून गुंडाळली आणि मल्टिमीटर घेऊन बसलो. बारीक वायरचे साधारण १००० वेढे, २४ ओहम. जाड वायरचे ५००, फक्त ६ ओहम. बॉबिनमधली जागा तेवढीच असते. वायर १.४ पट जाड झाली की छेद दुप्पट होतो, त्यामुळे वेढे निम्मेच मावतात. लांबी निम्मी, छेद दुप्पट, म्हणून रेझिस्टन्स थेट चौथाई. १२ व्होल्टला अर्ध्याऐवजी २ अँपिअर, ६ वॅटऐवजी २४ वॅट. वेढे गुणिले करंट ५०० वरून १००० झाले, म्हणून ती ओढ. पण दुप्पट चुंबकत्वासाठी चौपट उष्णता मोजावी लागली.

आणि तांब्याचं म्हणाल, तर दोन्ही वायरी काट्यावर ठेवल्या. दोन्ही साधारण ११ ग्रॅम! बॉबिन काठोकाठ भरलं की वायर जाड असो वा बारीक, तांबं तेवढंच लागतं. कंपनीने काहीच वाचवलं नव्हतं. एक तारा मागे घेतला, आता चार.

पाचवा मात्र देणार नाही. कॉइल किती सेकंद चालू ठेवायची, हे स्टिकरवर कुठेच नाही. व्होल्ट आहेत, अँपिअर आहेत, तेवढंच नाही. तांबं ५० अंशांनी तापलं की रेझिस्टन्स सुमारे २० टक्के वाढतो, करंट सुमारे १७ टक्के पडतो आणि ओढ करंटच्या वर्गाप्रमाणे घटत असल्याने ७० टक्क्यांवर येते. दार जड असेल तर नेमकं तेव्हाच प्लंजर अडतो. आणि सप्लाय चालूच राहिला तर वार्निश जाणारच, माझं गेलं तसं. ही एक ओळ छापली असती तर माझी पहिली कॉइल वाचली असती.

आता बटणामागे ५ सेकंदांचा टायमर लावलाय. तीन महिने झाले, कॉइल कोमटसुद्धा होत नाही.